परदेशातून ई-इंक टॅब्लेट मागवायचाय : कस्टम नक्की किती, ४२ की ७७?

शाईपेन | ५ ऑक्टोबर २०२३, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं वाचनमात्र होतो, आज गरज पडली म्हणून धागा काढतोय.

वडिलांच्या जुन्या वह्या आणि काही दुर्मिळ ग्रंथ स्कॅन करून ठेवले आहेत, सगळं पीडीएफमध्ये. सहा इंची रीडरवर ते वाचणं म्हणजे कुलपाच्या भोकातून खोली बघणं. म्हणून मोठ्या पडद्याचा, वर पेनाने लिहिता येईल असा ई-इंक (कागदासारखा दिसणाऱ्या पडद्याचा) टॅब्लेट घ्यायचं ठरवलंय. हवं ते मॉडेल भारतात मिळत नाही. कंपनीच्या साइटवर ४०० डॉलर, नाशिकपर्यंतचं शिपिंग ४० डॉलर. खाली बारीक अक्षरात 'आयात शुल्क ग्राहकाने भरायचे'.

ऑफिसात विचारलं तर एक म्हणतो ४२ टक्के, दुसरा म्हणतो ७७, तिसरा म्हणतो नशीब असेल तर काहीच नाही. शिवाय ऑगस्टपासून लॅपटॉप-टॅब्लेट मागवायला बंदी आली असंही कानावर आलंय. साडू न्यू जर्सीत असतात, दिवाळीला येणार आहेत. त्यांना सांगावं की सरळ मागवावं? प्रत्यक्ष अनुभव असेल तर कृपया लिहा.

मंडईकर | ५ ऑक्टोबर, रात्री ९:५२

पितृपक्षात नवीन वस्तू? घटस्थापनेपर्यंत थांबा, तोवर धागा शंभरी गाठेल.

चकली_कडबोळी | ५ ऑक्टोबर, रात्री १०:०५

साडूला सांगू नका. पैसे वाचतील, पण पुढची दहा वर्षं प्रत्येक लग्नात 'यांचा टॅब्लेट मी आणला' हे ऐकावं लागेल. अनुभवाचे बोल. (आमच्याकडे नणंद होती.)

सोल्डरगन | ५ ऑक्टोबर, रात्री ११:२०

भोसरीत माझं छोटं युनिट आहे, महिन्याला दोन-तीन पार्सलं बाहेरून येतात. जरा सविस्तर लिहितो.

टक्केवारी आधी बाजूला ठेवा. टक्के कशावर लावतात ते पाहा. वस्तूची किंमत अधिक भाडं अधिक विमा, या बेरजेवर शुल्क लागतं. विम्याचा आकडा कागदावर नसेल तर किमतीच्या १.१२५ टक्के धरतात. डॉलरचा भाव तुमच्या बँकेचा नसतो, कस्टमचा स्वतःचा जाहीर दर असतो आणि तो बाजारापेक्षा थोडा चढाच असतो. सध्या ८४ धरा.

तुमचं उदाहरण : ४०० गुणिले ८४ म्हणजे ३३,६००. भाडं ३,३६०. विमा ३७८. एकूण ३७,३३८. आता यावर मूळ सीमाशुल्क. या शुल्काच्या दहा टक्के सोशल वेल्फेअर सरचार्ज. मग सगळ्याच्या बेरजेवर आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी. करावर कर, त्यावर पुन्हा कर.

वैयक्तिक वापरासाठी आलेलं पार्सल बहुधा कस्टमच्या दरसूचीतल्या ९८०४ या शीर्षकाखाली सोडवतात, तिथे आयजीएसटी २८ टक्के. मूळ शुल्क १० लावलं तर शंभराला ४२.०८ पडतात. ३५ लावलं तर ७७.२८. तुमच्या ऑफिसातले दोघेही खोटं बोलत नाहीयेत, दोघांनी वेगवेगळी बिलं पाहिलीत. तुमच्या बाबतीत एकात १५,७१२ होतात, दुसऱ्यात २८,८५५.

आणि बंदी वगैरे काही नाही. ३ ऑगस्टच्या अधिसूचनेने लॅपटॉप-टॅब्लेटला परवाना लागेल असं म्हटलं, मग अंमलबजावणी ३१ ऑक्टोबरपर्यंत पुढे ढकलली. पण ऑनलाइन घेतलेला एक नग पोस्टाने किंवा कुरियरने आला तर परवान्यातून सूट आहे, हे त्याच अधिसूचनेत लिहिलंय. फक्त शुल्क भरायचं.

शाईपेन | ६ ऑक्टोबर, सकाळी ७:१५

सोल्डरगन, दंडवत. २८ हजारांचा आकडा वाचून चहा थंड झाला. पण तुम्ही धंद्यासाठी मागवता तेव्हाही हेच का?

सोल्डरगन | ६ ऑक्टोबर, सकाळी ९:०२

नाही, खरी गंमत तिथेच आहे. माझ्याकडे आयात-निर्यात कोड आहे, पाचशे रुपयांत ऑनलाइन निघतो. माझा माल त्याच्या स्वतःच्या शीर्षकाखाली सोडवला जातो. रास्पबेरी पाय घ्या, म्हणजे एका छोट्या पाटीवरचा अख्खा संगणक. तो संगणकाच्या ८४७१ मध्ये बसतो आणि त्यावर मूळ शुल्क शून्य. १९९७ साली आपण माहिती-तंत्रज्ञान करारात सामील झालो, ही त्याची कृपा. मला फक्त १८ टक्के आयजीएसटी लागतो, त्याचंही क्रेडिट मिळतं. तीच पाटी तुम्ही हौसेखातर घरी मागवली तर ४२. वस्तू तीच, विमान तेच.

तिरफळ | ६ ऑक्टोबर, सकाळी ११:३०

गोव्यातून लिहितोय. आमच्या गावात निम्मी घरं बोटीवर, उरलेली निम्मी कुवेत-दुबईला, त्यामुळे कस्टम हा आमचा घरगुती विषय. पूर्वी प्रत्येक सुट्टीला कोणाचा ना कोणाचा टीव्ही यायचा. दाबोळीला पट्ट्यावर बॅगांपेक्षा टीव्हीची खोकी जास्त. २६ ऑगस्ट २०१३ पासून सपाट टीव्ही फुकट आणायची सवलत काढली, ३५ टक्के आणि वर सेस. आमचे काका पुढच्याच वर्षी ४० इंची घेऊन उतरले. त्यांना नियम माहीत होता, पण 'खोक्यावर चादर गुंडाळली की कोण बघतो' असा त्यांचा सिद्धांत.

अख्खी चादर सोडून बघितलं. वर चादर परत घडी घालून दिली, ते वेगळं.

खारवडी | ६ ऑक्टोबर, दुपारी १:१०

साडूच्या बॅगेबद्दल : भारतीय वंशाच्या प्रवाशाला ५०,००० रुपयांपर्यंतचं सामान शुल्काशिवाय आणता येतं. अठरा वर्षांवरच्या प्रत्येकाला एक लॅपटॉप त्याशिवाय. ५० हजारांच्या वर गेलेल्या भागावर ३८.५ टक्के. दोघा नवरा-बायकोची सवलत एकत्र करून एक महाग वस्तू आणता येत नाही, इथे बरेच जण फसतात. तुमचा टॅब्लेट ३३-३४ हजारांचा, म्हणजे बसतो. पण साडू दिवाळीला येताहेत. त्यांच्या बॅगेत सासूबाईंचं घड्याळ, भाच्याचा गेमिंगचा डबा आणि तीन किलो बदाम आधीच असणार. तुमच्या वाट्याला किती जागा ते आधी विचारा.

मंडईकर | ६ ऑक्टोबर, दुपारी १:१४

बदाम अमेरिकेतून आणायचे आणि परत जाताना इथून चितळ्यांची बाकरवडी न्यायची. हाच खरा मुक्त व्यापार.

हडसनकाठी | ६ ऑक्टोबर, संध्या. ७:४५

मी तो बॅगवाला साडू आहे. म्हणजे तुमचा नव्हे, पण दर वर्षी कुणाचा तरी. विनंती एकच : वस्तू आमच्या निघण्याच्या आदल्या दिवशी दारात येईल अशी मागवू नका. आणि 'छोटीशीच आहे हो' म्हणून डीएसएलआरची लेन्स पाठवू नका.

इकडची स्थिती उलट आहे. अमेरिकेत ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलवर आम्हाला काही भरावं लागत नाही. त्यामुळे इथल्या लोकांना ४२ टक्के सांगितले की त्यांना वाटतं आपण थापा मारतोय.

नेकारकाठ | ६ ऑक्टोबर, रात्री ११:५०

जर्मनीत इतकं सुख नाही. जुलै २०२१ पासून युरोपीय संघाबाहेरून काहीही मागवा, पहिल्या युरोपासून व्हॅट, इथे १९ टक्के. दीडशे युरोच्या वर सीमाशुल्कही. घरच्यांनी पाठवलेली भेट ४५ युरोपर्यंत सुटते. आईने गेल्या दिवाळीला आकाशकंदील, उटणं आणि माझी जुनी पुस्तकं पाठवली. फॉर्मवर किंमत लिहिताना तिला वाटलं, कमी लिहिली तर हरवल्यावर भरपाई कमी मिळेल. लिहिले दहा हजार. मी माझ्याच शाळेच्या पुस्तकांवर कर भरून आलो.

अवकाळी | ७ ऑक्टोबर, सकाळी १०:०५

एवढं गणित कशाला? विक्रेत्याला सांगायचं, खोक्यावर 'गिफ्ट' लिही आणि किंमत १५ डॉलर टाक. चीनवाले तर न सांगता लिहायचे. मी २०१७-१८ मध्ये डझनभर गोष्टी अशाच मागवल्या, एक रुपया लागला नाही.

खारवडी | ७ ऑक्टोबर, सकाळी १०:४०

तो काळ गेला. १२ डिसेंबर २०१९ पासून भेट म्हणून शुल्कमुक्त आयात बंद. अपवाद फक्त दोन : जीव वाचवणारी औषधं आणि राखी. तुमचा टॅब्लेट मनगटावर बांधता येत असेल तर बघा.

सोल्डरगन | ७ ऑक्टोबर, सकाळी ११:१५

अवकाळी, धाग्यावर नवीन लोक वाचतात म्हणून स्पष्ट लिहितो. खोटी किंमत लिहिणं गुन्हा आहे, माल जप्त होऊ शकतो आणि वर दंड. अधिकाऱ्याकडेही इंटरनेट असतं. खोक्यावरचं मॉडेल टाकलं की खरी किंमत दोन मिनिटांत समोर येते. आणि व्यवहाराचं बोलायचं तर पार्सल हरवलं किंवा फुटलं, तर भरपाई लिहिलेल्या किमतीचीच मिळणार. १५ डॉलर घेऊन बसा मग.

अवकाळी | ७ ऑक्टोबर, सकाळी ११:२२

बरं, नियम मोडू नये हे मान्य. पण जी वस्तू देशात बनतच नाही तिच्यावर ४२ टक्के लावून कोणत्या स्वदेशी उद्योगाचं रक्षण होतं, हेही कोणीतरी सांगा. हौशी माणसाने शिकायचं तरी कसं?

आजोबा_डोंबिवली | ७ ऑक्टोबर, दुपारी ४:३०

अवकाळींच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही, आठवण आहे. मी हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाला. लायसन्स १९८४ चं. त्या काळी एखादा ट्रान्झिस्टर बाहेरून मागवला की पोस्टाचा कागद यायचा आणि बॅलार्ड इस्टेटला विदेश डाक भवनात जायचं. बोरीबंदरहून चालत. लाकडी टेबलापलीकडचा माणूस माझ्यासमोर पाकीट कापायचा आणि तीन पायांचा तो शेंगदाण्याएवढा तुकडा तळहातावर घेऊन विचारायचा, 'हे काय आहे?' सांगितलं की पुढचा प्रश्न, 'याने काय होतं?' एकदा अर्धा तास मी रेडिओ समजावला. शेवटी त्याने शुल्क लावलं, पण रस्त्यावर येऊन चहा पाजला.

कामाचं : वायरलेस काही मागवणार असाल तर कस्टमच्या पलीकडे आणखी एक दार आहे. रेडिओ प्रसारण करणाऱ्या उपकरणाला डब्ल्यूपीसीची (वायरलेसचं बघणारं सरकारी कार्यालय) मान्यता लागते. वॉकीटॉकी 'खेळण्यातली आहे' म्हणून मागवू नका. आणि ड्रोन तर तयार असो वा सुट्या भागांचा संच, ९ फेब्रुवारी २०२२ पासून आयातच बंद. सैन्य, सुरक्षा आणि संशोधन एवढेच अपवाद.

वेंधळी_सुगरण | ७ ऑक्टोबर, रात्री ८:१८

आजोबा, चहाचा प्रसंग फार आवडला.

मला काल फोन आला, 'दिल्ली कस्टममधून बोलतोय, तुमच्या नावाचं पार्सल अडकलंय, ३५ हजार भरा.' मी म्हटलं माझं काहीच येणार नाहीये. तर म्हणे 'लंडनहून डॉक्टर मित्राने पाठवलंय, आत आयफोन आहे'. मला लंडनला डॉक्टर मित्र असता तर मी इथे पोळ्या लाटत असते का?

खारवडी | ७ ऑक्टोबर, रात्री ८:४०

छान केलंत. कस्टमवाले फोन करून कुणाच्या खात्यात पैसे मागत नाहीत. २०१९ पासून त्यांच्या प्रत्येक पत्रावर डीआयएन नावाचा क्रमांक असतो, तो सीबीआयसीच्या (कस्टमचं केंद्रीय मंडळ) साइटवर तपासता येतो. एसएमएसमधल्या लिंकवर तर हात लावायचाच नाही.

कोमल_गंधार | ८ ऑक्टोबर, सकाळी ८:५०

कस्टम-कस्टम करताना व्होल्टेज विसरू नका. मी अमेरिकेतून एका मित्राकरवी जुना टर्नटेबल आणवला. शहाणपणा करून १२० व्होल्टचा स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मर लावला. दिवा लागला, तबकडी फिरली, सुई टेकवली. आणि बाईंच्या गळ्यातून पुरुषी आवाज.

दोन दिवस डोकं खाजवल्यावर कळलं. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, फ्रिक्वेन्सी नाही. तिकडे ६० हर्ट्‌झ, आपल्याकडे ५०, आणि आतली मोटर त्या हर्ट्‌झच्या तालावरच फिरणारी. म्हणजे तबकडी पाच-षष्ठांश वेगाने फिरत होती. स्वर बरोब्बर कोमल गंधाराएवढा खाली. काळी चारची गायिका पांढरी चारमध्ये गात होती, आणि विलंबित तर इतकं विलंबित की समेची वाट बघत माणूस झोपी जाईल.

मंडईकर | ८ ऑक्टोबर, सकाळी ९:००

आयडी सार्थ केलात! _/\_

सोल्डरगन | ८ ऑक्टोबर, सकाळी ९:३५

बेष्ट. टॅब्लेटला ती भीती नाही. चार्जरवर १००-२४० व्होल्ट आणि ५०/६० हर्ट्‌झ छापलेलं असलं की झालं. बॅटरी यंत्राच्या आत असेल तर विमानाने येते. सुट्या लिथियम बॅटऱ्या मात्र प्रवासी विमानातून माल म्हणून पाठवायला २०१६ पासून बंदी आहे, म्हणून बरेच विक्रेते त्या पाठवतच नाहीत.

रडकी_बॅटरी | ८ ऑक्टोबर, दुपारी १२:१५

माझं दुःख वेगळंच आहे. ऑडिओ इंटरफेस मागवला, शुल्क भरलं. चार महिन्यांत बंद पडला. कंपनी सज्जन, म्हणाली परत पाठवा, नवा देतो. मी इथून स्वखर्चाने पाठवला, त्यांनी फुकट नवा पाठवला. आणि दारात कुरियरवाला पुन्हा शुल्काचं बिल घेऊन उभा. म्हटलं हा बदली नग आहे, पैसे दिलेले नाहीत. तर म्हणे कागदावर २५० डॉलर लिहिलंय. एकाच वस्तूवर दोनदा कर भरणारा मी एकटाच आहे का?

सोल्डरगन | ८ ऑक्टोबर, दुपारी १:०५

एकटे नाही, बरेच आहेत. दुरुस्तीसाठी बाहेर पाठवून तोच नग परत आणला तर २०१७ च्या ४५ क्रमांकाच्या अधिसूचनेत सवलत आहे : शुल्क फक्त दुरुस्तीचा खर्च आणि जाण्या-येण्याचं भाडं-विमा यांवर. पण जाताना 'दुरुस्तीसाठी' असा रीतसर निर्यातीचा कागद झालेला हवा, परत आलेली वस्तू तीच आहे हे सिरियल नंबरवरून पटवता यायला हवं आणि तीन वर्षांच्या आत परत यायला हवी. बदली नग आला की नंबर बदलला, मग वाद सुरू. म्हणून मी कंपनीला आधीच सांगतो, तोच दुरुस्त करून दे.

शाईपेन | १५ ऑक्टोबर, सकाळी ११:११

मंडईकरांचा मान राखून आज घटस्थापनेच्या मुहूर्तावर ऑर्डर टाकली. साडूंना विचारलं होतं. ते म्हणाले, 'आणतो की, पण बॉक्स टाकून नुसता टॅब्लेट आणेन, आणि दोन दिवस वापरून बघेन.' सौ.ने माझ्याकडे नुसतं बघितलं. सरळ मागवला.

चकली_कडबोळी | १५ ऑक्टोबर, सकाळी ११:३०

वहिनींना माझा नमस्कार सांगा.

शाईपेन | २८ ऑक्टोबर, सकाळी १०:२०

आला! पण सरळ आला नाही, म्हणून सगळं लिहितो.

पार्सल पाच दिवसांत मुंबईला पोचलं. २० तारखेला एसएमएस : 'तुमच्या शिपमेंटसाठी केवायसी करा', खाली लिंक. मी या धाग्यावर शिकलेला शहाणा माणूस, ताबडतोब डिलीट. दुसऱ्या दिवशी पुन्हा आला, पुन्हा डिलीट. तिसऱ्या दिवशी ट्रॅकिंगमध्ये लाल अक्षरात 'ग्राहकाकडून प्रतिसाद नाही'. मग कुरियर कंपनीच्या साइटवर स्वतः जाऊन नंबर टाकला, तर एसएमएस खरा होता.

आधार अपलोड केलं. नामंजूर. साइटवर मी आद्याक्षर आणि आडनाव टाकलं होतं, आधारवर वडिलांच्या नावासकट अख्खं. शिवाय आधारवरचा पत्ता जुन्या घराचा. फोनवरची मुलगी फार गोड बोलत होती, पण रोज नवी मुलगी आणि रोज पहिल्यापासून कथा. शेवटी पॅन, वीजबिल आणि 'हा मीच आहे' असं सहीचं पत्र दिलं तेव्हा सुटका झाली. खंडेनवमीला यंत्राची पूजा करायची होती, ट्रॅकिंगच्या पानाला मनातल्या मनात फूल वाहिलं.

आता हिशोब, ज्यासाठी धागा काढला होता :

सीमाशुल्क १० टक्के : ३,७३४
सरचार्ज : ३७३
आयजीएसटी २८ टक्के : ११,६०५
एकूण १५,७१२. सोल्डरगन, तुमचा आकडा रुपयाला रुपया!

पण आणखी दोन गोष्टी तुम्ही सांगितल्या नव्हत्या. एक, कुरियरने माझ्या वतीने शुल्क आधी भरलं म्हणून ९०० रुपये आणि त्यावर जीएसटी, १,०६२. दोन, माझ्याच बँकेने परकीय चलनाचे साडेतीन टक्के लावले आणि त्यावरही जीएसटी, तर ४४० डॉलरचे कार्डावर ३८,१६६ झाले. म्हणजे ज्याला मी ३३ हजारांचा म्हणत होतो तो ५४,९४० ला पडला.

खोक्याला कस्टमची चिकटपट्टी होती, आत कोणीतरी उघडून अगदी नीट परत ठेवलेलं. काल रात्री वडिलांची १९६२ ची वही उघडली. समासात त्यांनी पेन्सिलीने जमाखर्च मांडलाय : रेडिओ लायसन्स, १५ रुपये.

सोल्डरगन | २८ ऑक्टोबर, सकाळी १०:५०

अभिनंदन! कुरियरची फी राहिली खरी, चुकलंच. माझा एजंट ती महिन्याच्या बिलात घालतो, त्यामुळे डोळ्यासमोर येत नाही. ते बिल जपून ठेवा, फोटो काढून. थर्मल कागदावर असेल तर सहा महिन्यांत कोरं होईल, आणि वॉरंटीत पाठवायची वेळ आली तर तेच लागेल.

अवकाळी | २८ ऑक्टोबर, दुपारी १२:००

५५ हजार! म्हणूनच म्हणत होतो, गिफ्ट लिहा.

आजोबा_डोंबिवली | २८ ऑक्टोबर, दुपारी १२:४०

शाईपेन, रेडिओ लायसन्सची नोंद वाचून बरं वाटलं. आमच्या घरीही ते पुस्तक होतं. दर वर्षी पोस्टात जाऊन शिक्का मारून आणायचं. जमलं तर त्या पानाचा फोटो टाका.

शाईपेन | २८ ऑक्टोबर, रात्री ९:३०

टाकतो आजोबा.

एक राहिलं. टॅब्लेटच्या पेनाचं टोक झिजतं म्हणे, सुटी टोकं कंपनीच्या साइटवरच मिळतात. पाच टोकांचं पाकीट १२ डॉलर, शिपिंग ४०. यावर भाडंही धरून शुल्क लागेल का?

सोल्डरगन | २८ ऑक्टोबर, रात्री ९:४८

विमानाने आलेल्या मालाचं भाडं वस्तूच्या किमतीच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त धरत नाहीत. म्हणजे ४० ऐवजी २ डॉलर ४० सेंट. शुल्क किरकोळ येईल, पण कुरियरला ४० डॉलर आणि ती फी द्यावीच लागेल.

हडसनकाठी | २८ ऑक्टोबर, रात्री ९:५५

साडूला सांगा. टोकं खरंच छोटीशीच असतात.

शाईपेन | २८ ऑक्टोबर, रात्री १०:०२

सांगितलं. ते म्हणाले, 'आणतो. पण बघा, शेवटी माझीच गरज लागली ना?'